मनगटावरचा धूप

अप्पा कोणालाही आधी गाव विचारायचे आणि मग मनगट पुढे करायला सांगायचे. नाव विचारायची वेळ कधी कधी येतच नसे.

मी आणि माझी मैत्रीण कॉलेजसाठी खोली शोधत नांदेडला त्यांच्या दारात उभ्या राहिलो, तेव्हाही असंच झालं. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. खोली कशी बघायची, काय विचारायचं, हे सांगणारं घरी कोणी नव्हतं. बाबांनी निघताना एवढंच सांगितलं होतं, "घरमालक म्हातारा बघ, अन् घरात बाईमाणूस हाय का बघ." अप्पा म्हातारे होते. दाराआडून शारदाकाकू डोकावत होत्या. मला तेवढ्यानंच निम्मं काम झाल्यासारखं वाटलं.

"गाव?" अप्पांनी विचारलं.

"शिरूर."

"कोणतं शिरूर? ताजबंद का अनंतपाळ?"

"अनंतपाळ."

"मग तसं सांगायचं. अर्धं नाव सांगितलं की माणूस भलत्याच गाडीत बसतंय."

अप्पा एसटीत कंट्रोलर होते. बसस्टँडवर काचेच्या खोलीत बसून माइकवरून गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी माणसं त्यांच्या डोक्यात गावांच्या पाट्या लावूनच फिरत. त्या दिवसापासून मी अनंतपाळ झाले आणि माझी मैत्रीण कंधार. तीन वर्षांत त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारलेली मला आठवत नाही.

मग त्यांनी आत बघून हाक दिली, "शारदे, ह्या दोघींना लाव जरा."

"आधी पाणी तर देऊ द्या. पोरी उन्हातून आल्यात."

"उन्हातून आल्यात म्हणूनच लाव. तापल्या अंगावर अत्तर खरं बोलतंय."

काकूंनी एका छोट्या शिशीतून काचेची काडी काढली आणि आमच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवली. बायकांना अत्तर काकू लावत, पुरुषांना अप्पा. हा त्यांच्या घरचा नियम होता. आमच्याकडे अत्तर म्हणजे लग्नाच्या मांडवात हाताच्या मागच्या बाजूला लावतात ते. घरी एखादी मुलगी वासाचं काही लावून निघाली तर आजी विचारायची, "कुठं मिरवायला निघाली?" त्यामुळे मी हात अवघडून धरून बसले. घासायचं नाही, हुंगायचं नाही, चहा संपेपर्यंत त्याच्याकडे बघायचंही नाही, असं अप्पांनी बजावलं. चहा संपला तेव्हा म्हणाले, "आता सांग. काय येतंय?"

"धूप," मी म्हणाले. "देवळातला."

"अन् त्याच्या मागं?"

मागे खरंच काहीतरी होतं. मला ते ओळखू आलं होतं, पण सांगावंसं वाटेना. नांदेडला यायचं म्हणून मी सकाळी साबण लावून लावून हात धुतले होते. शेवटी सांगितलं, "चुलीचा धूर."

अप्पांचा चेहरा खुलला. "बरोबर. धूप काय गॅसवर पेटतंय का? निखाराच लागतोय त्याला. ह्या पोरीच्या हातात निखारा हाय."

काकू कप उचलत म्हणाल्या, "सगळ्यांनाच कायतरी चांगलं सांगतेत हे. खोली दिवाळीपासून रिकामी हाय ना."

अप्पांच्या त्या अत्तराला नाव नव्हतं. ऊद आणि लोबान यांचं ते मिश्रण होतं, आणि चंदनाच्या तेलात बसवलेलं होतं. ते आम्ही धुपाचं अत्तर म्हणायचो. सकाळी अंघोळ, कपाळाला विभूती, लिंगपूजा, आणि मग काडीनं डाव्या मनगटावर एक ठिपका व कानांमागे एकेक. ते जिना उतरले की वास मागे राहायचा. सकाळी तो जरा झोंबरा असे, नुकत्या टाकलेल्या लोबानासारखा. दुपारी जेवून अप्पा ओसरीवर बसले की तो मऊ होई. संध्याकाळी त्यांच्याजवळून गेलं की विझलेल्या धुपाटण्याच्या कोमट राखेसारखा यायचा. एकाच ठिपक्याचे दिवसभरात असे तीन वास होतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. आता लिहिताना वाटतं की मला अप्पांचा चेहरा आठवतो त्याआधी तो राखेचा वास आठवतो. अप्पा जाऊन आता वर्ष होत आलं.

"शिशीत सगळीच अत्तरं शहाणी असतेत," ते म्हणायचे. "खरं काय ते कातडीवर कळतंय." कंधारच्या हातावर त्याच धुपाचा कापूर व्हायचा. गल्लीतल्या किराणावाल्याच्या हातावर त्याला हळदीच्या पोत्याचा वास येई. काकूंच्या हातावर मात्र काहीच राहत नसे. "ह्या बाईच्या अंगावर अत्तर घटकाभर टिकत न्हाई. सगळं पिऊन टाकतीय," अप्पा तक्रार करत.

"तुमच्या अंगावर टिकतंय ते पुरं हाय की घराला," काकू म्हणत.

ही सवय त्यांना बसस्टँडवर लागली होती. डेपोत डिझेल, घाम आणि तंबाखू. गाडीत चढणाऱ्याला आधी कंडक्टरचा वास लागतो, असं अप्पांचं म्हणणं. म्हणून त्यांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये शिशी असे आणि ड्यूटीवर निघणाऱ्याला ते काचेच्या भोकातून हात आत घालायला लावत. माणिकराव नावाचे एक ड्रायव्हर होते. त्यांच्या हातावर धूप चढला की जळक्या गुळाचा वास यायचा. माणिकराव दिसले की अप्पा म्हणत, "गुऱ्हाळ आलं." देगलूरच्या एका कंडक्टरच्या हातावर ओल्या पोत्यासारखा वास आला आणि अप्पांनी ते माइक चालू असताना सांगितलं. सगळ्या स्टँडनं ऐकलं. त्या माणसानं पुढं बदली होईपर्यंत अत्तराला हात लावला नाही.

अप्पांबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून कळतं. एकदा देगलूरची गाडी चार नंबरच्या फलाटावर उभी होती आणि अप्पांनी पुकारलं दोन नंबर. माणसं बोचकी घेऊन दोनकडे धावली. शेजारी बसलेला कारकून म्हणाला, "साहेब, चार." अप्पांनी माइक बंद केला, बाहेर गेले, आणि ड्रायव्हरला गाडी चारवरून काढून दोनवर लावायला लावली. हे मला काकूंनी सांगितलं तेव्हा अप्पा तिथंच बसले होते. त्यांना त्यात काही गमतीचं वाटत नव्हतं.

"गाडीला चाकं असतेत," ते म्हणाले. "माझ्या शब्दाला न्हाईत."

काकूंशी भांडण झालं तरी ते माघार घेत नसत. दुसऱ्या दिवशी बाजारातून काकूंना आवडतात ती वाळकं आणून ठेवत आणि न बोलता पेपर उघडत. काकू त्यावर समाधान मानत. पण वाळकं आणून ठेवण्याची सोय प्रत्येक माणसाशी नसते.

ते अत्तर करून देणारे गफूरभाई. नांदेडच्या इतवारा बाजारात त्यांचं एका शटरचं दुकान होतं. दारात बाक, आत काचेचं कपाट, आणि त्याच्यामागे गफूरभाई. अप्पा नोकरीला लागले तेव्हापासूनची त्यांची ओळख. दर आठवड्याला अप्पा तिथं जाऊन बसत. एकदा दिवाळीच्या आधी मला आणि कंधारला दुकान दाखवायला ते घेऊन गेले होते.

"आओ कंट्रोलर साब," गफूरभाई म्हणाले. "आज कौनसी गाडी लेट है?"

"तुझी अक्कल."

"वो तो कब की निकल गई. तुमने पुकारी नई."

दोघं असंच बोलत राहिले. एक दखनीत, एक मराठीत. कुणी कुणाची भाषा बदलायचा प्रयत्न करत नव्हतं. अप्पांसाठीच्या धुपात लोबान जास्त असे. गफूरभाई ते वेगळ्या कॅनमध्ये ठेवत आणि आम्हाला म्हणाले, "इतना धुआँ दूसरा कोई नई लेता, बेटा. ये आदमी नई, ऊददान है." अप्पांना ही धुपाटण्याची शिवी आवडली असावी. घरी येऊन त्यांनी ती काकूंना सांगितली.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा संक्रांतीनंतर जिन्यातला वास बदलला. आधी लक्षात आलं नाही. थंडीत वास जड होतो असं वाटलं. मग एक दिवस काकूंनी विचारलं, "आज काय लावलंय हो?"

"रोजचंच."

"रोजचं न्हाई ते."

अप्पांच्या अंगाला त्या दिवसांत खाज सुटायची. थंडीनं कातडी कोरडी पडली असं ते म्हणत. जेवताना भाजीला चव नाही म्हणत आणि दोष मिठाला देत, मग तेलाला, मग काकूंच्या हाताला. चप्पल पायाला घट्ट होऊ लागली तेव्हा चप्पल आटली म्हणाले. अत्तराचं मात्र ते काहीच बोलत नव्हते. नुसतं मनगट नाकाशी नेत आणि खाली ठेवत.

एका दुपारी मी कॉलेजातून आले तर ओसरीवरून त्यांनी हाक दिली, "अनंतपाळ, इकडं ये. काकूचं नाक म्हातारं झालंय. तू सांग." आणि स्वतःचा हात पुढे केला. आजवर असं कधी झालं नव्हतं. ते इतरांचे हात बघायचे, त्यांचा हात कोणी बघत नसे.

मी वाकले. धूप होता, पण त्याच्याखालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. तो वास मी लहानपणापासून ओळखते.

"खरं सांग."

"गोठ्यासारखा येतोय, अप्पा. सकाळी शेण काढायच्या आधी येतो तसा."

ते रागावले नाहीत. "शेतकऱ्याची पोर, खोटं बोलायची न्हाई," एवढंच म्हणाले आणि उठून शिशी खिशात घातली. "चल माझ्यासंगं. त्याच्यासमोर सांग."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. गफूरभाईंनी शिशी उघडून हुंगली. "बराबर है, अप्पा."

"शिशीत बरोबरच असतंय. हातावर बघ."

त्यांनी स्वतःच्या मनगटाला काडी लावली, जरा वेळ जाऊ दिला, पुन्हा हुंगलं. "बराबर है."

"तुझ्या हाताला काय कळतंय? दिवसभर दुनियेची अत्तरं पुसतोस त्याला. रॉकेल लावलं तरी गुलाबच येईल."

गफूरभाई हसले. त्यांना ते नेहमीचंच बोलणं वाटलं. मग त्यांनी अप्पांच्या तोंडाकडे पाहिलं. "सीधा बोलो. क्या बोल रै?"

"भेसळ हाय ह्यात."

गफूरभाईंनी हातातली काडी खाली ठेवली. अप्पा माझ्याकडे वळले, "सांग ह्याला काय वास येतोय." मी हळू आवाजात सांगितलं. ओसरीवर तो साधा शब्द होता. अत्तराच्या दुकानात तो फार मोठा झाला.

"वोच कॅन का है," गफूरभाई म्हणाले. "तुम्हारे वास्ते अलग रखेला. उसकू दूसरा कोई हाथ बी नई लगाता."

"मग आजवर दिलंस ते तरी खरं होतं का, हे आता मला सांगता यायचं न्हाई."

हे वाक्य अप्पांनी आवाज न चढवता म्हटलं. गफूरभाईंनी शिशीला बूच लावलं, फडक्यानं ती पुसली, आणि अप्पांच्या समोर ठेवली. "ले जाव," ते म्हणाले. "इसका दूसरा गिऱ्हाईक नई है मेरे पास."

अप्पांनी शिशी तिथंच सोडली आणि निघाले.

माझ्या किंवा कंधारच्या मनगटावर त्याच शिशीतला एक ठिपका लावून बघावं, हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही. अप्पांना तर सुचणं शक्यच नव्हतं. दुसऱ्यांची मनगटं ही त्यांच्यासाठी गंमत होती. तराजू म्हणजे त्यांचं स्वतःचं मनगट. अत्तर प्रत्येकाच्या कातडीवर वेगळं होतं हे आम्हाला शिकवणाऱ्या माणसाला आपली कातडी बदलू शकते असं वाटलं नाही.

गल्लीत ही गोष्ट पसरली. शेजारचे एक पेन्शनर गृहस्थ ओसरीवर येऊन म्हणाले, "आम्ही सांगतच होतो अप्पा, त्या लोकांचं..."

"कोणत्या लोकांचं?" अप्पांनी विचारलं. "मी एका माणसाशी भांडून राहिलो. तुम्ही मधी कशाला चढता? तुमची गाडी न्हाई ही."

ते गृहस्थ उठून गेले. नंतर अप्पांनी भाच्याकडून हैदराबादहून ऊदाचं भारी अत्तर मागवलं. त्यालाही दुसऱ्या दिवशी तोच वास. "हैदराबाद पण बिघडलं," ते म्हणाले आणि त्यांनी अत्तर लावणंच सोडलं. जिना नुसता जिना झाला. काकू सकाळी देवापुढे जरा जास्त धूप जाळू लागल्या. इतवाऱ्याचं नाव घरात निघेनासं झालं. दर आठवड्याला दुकानात जायच्या दिवशी अप्पा कपडे करून ओसरीवर बसत आणि कुठंही जात नसत.

उन्हाळ्यात त्यांच्या नातीचा साखरपुडा लातूरला होता. त्यांची मुलगी सुनंदाताई लातूरला दिलेली. मला गावाकडे जायचंच होतं, लातूरहून पुढं गाडी बदलायची, म्हणून काकू मलाही सोबत घेऊन गेल्या. मंडपाच्या दारात पाहुण्यांना अत्तर लावायचं काम नेहमीसारखं अप्पांचं होतं. भांडणाचं सुनंदाताईंना कोणी कळवलं नव्हतं. त्यांनी सवयीनं गफूरभाईंना फोन करून अत्तर मागवलं होतं, आणि गफूरभाईंनी ते लातूरच्या गाडीवरच्या कंडक्टरकडे देऊन पाठवलं होतं. निरोप काही नव्हता.

सुनंदाताईंनी अत्तरदाणी अप्पांच्या हातात दिली. त्यांनी झाकण उघडताच आपला धूप ओळखला. तोंड वाकडं झालं, पण पाहुणे दारात आले होते. ते लावू लागले. मी काकूंबरोबर जवळच गुलाबपाणी घेऊन उभी होते.

पहिला पाहुणा हाताची मागची बाजू हुंगून म्हणाला, "वा." दुसराही. अप्पा त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मग एसटीतले त्यांचे जुने लोक आले. त्यात माणिकराव होते, काठी टेकत. अप्पांनी त्यांच्या हातावर काडी टेकवली आणि त्यांना पुढे जाऊ दिलं नाही. हात धरूनच ठेवला. मागे माणसं खोळंबली.

"काय अप्पा, हात मागता का काय माझा?" माणिकराव म्हणाले. "साखरपुडा नातीचा हाय."

"थांब जरा."

जरा वेळानं अप्पा वाकले आणि त्यांनी हुंगलं. मग स्वतःच्या मनगटावर, किती तरी दिवसांनी, एक ठिपका लावला. पाहुणे येत होते, ते लावत होते, आणि मधून मधून डाव्या मनगटाकडे बघत होते. शेवटी त्यांनी ते नाकाशी नेलं. मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी अत्तरदाणी जावयाच्या हातात दिली, मागे जाऊन एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि काकूंना म्हणाले, "माणिकच्या हातावर गूळच येतोय."

"मग चांगलं हाय की."

"अत्तर ठीक हाय, शारदे. मीच बिघडलोय."

नांदेडला परत गेल्यावर तपासण्या झाल्या. दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्या होत्या. रक्तात साठलेलं विष घामातून, श्वासातून बाहेर येत होतं. खाज, चव, सुजलेले पाय, सगळ्याचं कारण एकच निघालं. विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं. पाणीसुद्धा मोजून.

शेवटची परीक्षा लांबली होती, तिच्यासाठी मी सुट्टीनंतर परत आले तेव्हा अप्पा वाळले होते, पण आजाराबद्दल ते फारसं बोलत नव्हते. त्यांना घोर दुसराच होता. बरं वाटेल त्या दिवशी ते कपडे करून बाहेर पडत आणि थोड्या वेळानं परत येत.

"गेलता का?" काकू विचारत.

"दुकान बंद होतं."

"आज शुक्रवार हाय का?"

"न्हाई."

"मग?"

अप्पा पेपर उघडत. एकदा म्हणाले, "गिऱ्हाईकं होती." एकदा म्हणाले, "ऊन लई होतं." काकूंनी मला सांगितलं की ते इतवाऱ्याच्या चौकापर्यंत जातात, तिथं रसवंतीच्या सावलीत उभे राहतात, आणि रिक्षा करून परत येतात. रसवंतीवाल्यानंच काकूंना हे सांगितलं होतं. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन फार दिवसांची खात्री नाही हेही सांगितलं होतं. अप्पांना ते न सांगता कळलं असावं. मी फोन करून गफूरभाईंना सगळं सांगू का, असं काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "नको बाई. ह्यांनी बोललेलं हाय, ह्यांनीच उचलू दे. दुसऱ्यानं उचललं तर ह्यांना ते गोड लागायचं न्हाई."

शेवटी काकूच एक दिवस त्यांच्याबरोबर निघाल्या. चौकात अप्पा थांबले तेव्हा त्या थांबल्या नाहीत, सरळ चालत राहिल्या. मग त्यांना मागून यावंच लागलं. संध्याकाळी शेंगा सोलताना काकूंनी मला सगळं सांगितलं.

अप्पा बाकावर बसले. गफूरभाई कपाट पुसत होते, पुसतच राहिले. शेवटी अप्पा म्हणाले, "दे एक शिशी."

"कौनसी?"

"तीच."

"उसमें तो मिलावट है."

"हाव," अप्पा म्हणाले. "पण शिशीत न्हाई. माझ्यात निघाली. डॉक्टरानं रक्त काढून बघितलं."

गफूरभाईंचं फडकं थांबलं. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली. मग अप्पा म्हणाले, "तवा जे बोललो, आजवरचं खरं होतं का म्हणून... ते चुकलं माझं, गफूर."

"असं सरळ म्हणाले?" मी काकूंना विचारलं.

"म्हणाले की. मीच बघत राहिले. माझ्याशी लगीन होऊन इतकी वर्षं झाली, हे वाक्य मला कधी मिळालं न्हाई." काकूंनी एक शेंग फोडली. "मिळालं असतं तर मी तवाच ह्यांना दवाखान्यात नेलं असतं, म्हणलं मनात."

गफूरभाईंनी चहा मागवला. अप्पा म्हणाले, पाणी मोजून आहे. तर गफूरभाईंनी अर्धा कप स्वतःच्या बशीत ओतून घेतला आणि अर्धा त्यांना दिला. "इत्ते दिन ये बोलने कू खड़े रैते थे क्या चौक में?" त्यांनी विचारलं. रसवंतीवाल्यानं त्यांनाही सांगितलं होतं.

अप्पांना मी शेवटचं पाहिलं ते विष्णुपुरीला. माझा निकाल लागला होता, पुढच्या शिक्षणासाठी लातूरला नंबर लागला होता, आणि खोली सोडायची होती. ते दवाखान्यात आहेत म्हणून सांगायला मी तिथंच गेले. डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर अप्पा बसले होते. शेजारी गफूरभाई, मांडीवर छोटी पेटी उघडून. अप्पांच्या डाव्या हाताला सुईसाठी ऑपरेशनानं शीर तयार केलेली, म्हणून उजव्या हाताची बाही दंडापर्यंत गुंडाळली होती, आणि मनगटापासून कोपरापर्यंत तीन-चार तेलकट ठिपके होते. एक खस, एक चंदन, एक मोगरा असं काहीतरी. धूप आता त्या कातडीवर बसत नव्हता, तर दुसरं काय बसेल ते दोघं शोधत होते. हात अंगाला लागू नये म्हणून अप्पांनी तो पुढे अधांतरी धरला होता. येणारी-जाणारी माणसं बघत होती.

मी पाया पडले. निकाल सांगितला. अप्पा म्हणाले, "लातूर. चांगली गाडी हाय. जागा धरून बस, मधे उतरू नको."

"जमलं का एखादं?" मी हाताकडे बघून विचारलं.

"अजून बसलं न्हाई. बसू दे."

गफूरभाई वाकले आणि त्यांनी कोपराजवळचा ठिपका हुंगला. मनगटाजवळचा हुंगला. मग पेटीतली आणखी एक शिशी काढली. एवढ्यात नर्सनं दार उघडून नाव घेतलं.

"पाच मिनिटं," अप्पा म्हणाले.

"अप्पा, मशीन कोणासाठी थांबत नाही," नर्स म्हणाली.

ते उठले. उजवा हात तसाच अंगापासून लांब धरून, जणू त्यात भरलेला पेला आहे, ते दारापर्यंत गेले. गफूरभाईंनी मागून सांगितलं, "उस हाथ पे पट्टी नक्को बांधने दो. चार घंटे बाद देखेंगे."

"तू थांबणार हाईस का तवर?" अप्पांनी न वळता विचारलं.

"नई तो क्या."

दार बंद झालं. गफूरभाईंनी शिशांची बुचं एकेक घट्ट केली, पेटी मिटली, आणि भिंतीला पाठ टेकून बसले. ईद दोन दिवसांवर आली होती, इतवाऱ्यात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्यांच्या दुकानाचं शटर खाली होतं.